शुभदाच्या आधीची पेशंट

रिफायनरीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलं. ज्याचं रीडिंग येत नाही ते नाहीच, असं मानणारा मी माणूस. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय...

माझी बायको शुभदा. कधी धुराजवळ न गेलेली, तरी फुप्फुसाचा कॅन्सर — चौथी स्टेज. जनुकाच्या तपासणीत एक दोष सापडला. त्यावरच्या नव्या गोळीची चाचणी सयाजीगंजमधल्या एका हॉस्पिटलात सुरू होत होती. आम्ही सह्या केल्या.

पहिल्या दिवशी, दुपारी, मी झेरॉक्स काढून आलो तर शुभदाशेजारी साठीची एक बाई बसलेली. दहाही बोटांना चिकटपट्ट्या. आजूबाजूला सगळं गुजराती, पण ती चक्क मराठीत सांगत होती, "गोळी फिकट पिवळी आहे. नखं चिरतील, खोबरेल लाव, पण सोडू नकोस. पंधरा दिवसांत खोकला जाईल. बरे दिवस येतील गं, तेव्हा कुणाशी बोलायचं राहिलं असेल तर बोलून घे."

"तुमचं कसं आहे आता?" शुभदानं विचारलं.

"मला आता लागू पडत नाही," ती शांतपणे म्हणाली. तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

पंधराव्या दिवशी खोकला थांबला. नखंही चिरली. शुभदा म्हणाली, "अहो, विलासकडे जाऊ या." विलास तिचा धाकटा भाऊ. आईच्या आजारपणात बोलाचाली झाली, तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. आमच्या हरणीहून त्याचं पाणीगेट ते किती लांब, एकाच शहरात! त्यानं दार उघडलं, म्हणाला, "ताई, जेवूनच जायचं हं."

आठ महिने चांगले गेले. मग गोळी लागू पडेनाशी झाली. गेल्या थंडीत शुभदा गेली.

उरलेल्या गोळ्या परत द्यायला गेलो, तेव्हा चाचणीचं काम बघणाऱ्या कृपाबेनना त्या बाईबद्दल विचारलं.

"कोण, काका? काकी तो आपणा पहेला पेशंट हता."

म्हणजे शुभदाच पहिली पेशंट; तिच्या आधी ही गोळी तिथं कुणालाच दिली नव्हती!

दुसरीकडे तसलंच औषध घेणारी कुणी असेल, असं मी स्वतःला समजावतो. पण आमच्या गोळीचा रंग तिला कसा ठाऊक? तोवर आम्हीसुद्धा डबी पाहिली नव्हती.

त्या बाईला आम्ही दोघांनीच पाहिलं होतं. आता खात्री करायची तर विचारू कुणाला?