सुईत दोरा ओवणारी बोटं

तिच्या मैत्रिणी तिला ‘फौजदार’ म्हणायच्या, ते उगाच नाही. रंगाची नवी ट्यूब आणली तरी आधी वास घेणार, मग बोटावर चोळून बघणार. चित्रं मात्र झकास काढायची. म्हणून तर संग्रहालयानं तिला बोलावलं होतं: जुन्या संग्रहातलं एखादं चित्र निवडायचं आणि त्याला उत्तर म्हणून आपलं नवं चित्र काढायचं.

तिनं कोळशानं काढलेलं एक रेखाटन निवडलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका सुनेनं काढलेलं. खिडकीशी बसलेली सासू सुईत दोरा ओवतेय. चेहरा पुसट, खांदे घाईघाईत उरकलेले. पण बोटं! दोऱ्याचं टोक धरणारी ती बोटं इतकी ठाम, की फौजदारबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“हे एका हाताचं काम नाही,” ती व्यवस्थापकांना म्हणाली. “बोटं त्या सुनेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढलीत, नाहीतर नवऱ्यानं.”

“खाली सही तर तिचीच आहे.”

“सही करायला काय लागतं?”

तिला अनुभव होता. शिकत असताना मास्तर तिच्या हातातला कोळसा काढून घ्यायचे, ‘सरक जरा’ म्हणत चार रेघा ओढायचे, आणि मग सगळे त्या चार रेघांचंच कौतुक करायचे. व्यवस्थापकांनी वैतागून चित्र चौकटीतून काढून दाखवलं. भिंगातून पाहिलं, तर बोटांपाशी कागद खोडून खोडून पिंजला होता. मास्तर कशाला एवढं खोडतील? पण तिचं खोडून त्यांनी आपलं काढलं असेल तर? संशय काही हटेना.

घरी येऊन तिनं स्वतःच्या सासूबाईंना खिडकीशी बसवलं आणि हातात सुईदोरा दिला.

“हे कशासाठी गं?” सासूबाईंनी डोळे बारीक केले. संशयाच्या बाबतीत त्या सुनेपेक्षा काकणभर सरसच.

“काही नाही आई, सराव.”

“सरावाला मीच बरी सापडले! सुरकुत्या मोजतेयस ना?”

तिनं नजर वर केली की त्या रोखून बघायच्या, नाहीतर तोंड फिरवायच्या. तिची नजर आपसूक खाली घसरायची. बोटांकडे मात्र कितीही वेळ बघा, कुणाची हरकत नव्हती. दोरा हुकला की बोटं पुन्हा जुळायची, की ही कागदावरची खोडून पुन्हा नव्यानं काढायची. उजेड कमी झाला तेव्हा कागदावर पुसट चेहरा, कसेबसे खांदे आणि ठसठशीत बोटं होती.

ती बघतच राहिली. त्या सुनेलाही सासूच्या तोंडाकडे टक लावून बघायची सोय नसणार! एवढी साधी गोष्ट, आणि आपण मास्तर शोधत बसलो. तिला मनातून ओशाळल्यासारखं झालं. हेच रेखाटन संग्रहालयाला द्यायचं, तिनं ठरवलं.

सासूबाईंनी कागद ओढून लांब धरला. “बोटं माझीच. तोंड कुणाचं गं हे?”

“तुम्ही बघू दिलंत कुठे?”

“मग तसं सांगायचं ना.” त्यांनी दिवा लावला, खुर्ची सरळ केली आणि हनुवटी वर करून बसल्या. “घे नवा कागद. पण नाक आहे तसंच काढ. मी तपासणार आहे.”