कचरा करणारी टोपली

माझ्या वहिनी सव्वीस वर्षं एका नर्सरीत काम करतात. काम एकच, टांगायच्या टोपल्या भरायचं. तारेची टोपली घ्यायची, आतून काथ्याचं अस्तर लावायचं, माती भरायची, फुलझाडं लावायची. ऐकायला सोपं. मी वेल्डर होतो. निवृत्त झाल्यावर एकदा दिवसभर त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत माझ्या पाच टोपल्या झाल्या, त्यांच्या एकोणीस. माझ्या पाचांपैकी दोन त्यांनी उपसून पुन्हा भरल्या.

"भावजी, वेल्डिंग चांगलं करायचात तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

गिऱ्हाईक येतं, टेबलावर मांडलेली रोपं वरून बघतं आणि म्हणतं, हे द्या. वहिनी देत नाहीत. रोप उचलून डोक्यावरच्या आकड्याला अडकवतात आणि गिऱ्हाइकाला त्याच्याखाली उभं करतात. "आता बघा. घरी असंच दिसणार." पिटुनियाचं तोंड आभाळाकडे. खालून नुसते देठ. मग त्या विचारतात, ऊन कुठल्या वेळी येतं, पाणी कोण घालणार, टोपलीच्या खाली काय आहे. पाणी "आम्ही सगळे घालू" असं कोणी म्हणालं की त्या निवडुंगाकडे बोट दाखवतात.

खाली बसायची जागा असली किंवा कपड्यांची दोरी असली, तर एक झाड त्या मुळीच देत नाहीत. फ्युशिया. कानातल्या डुलांसारखी लोंबती फुलं येतात त्याला. नर्सरीत सगळे त्याला डूलच म्हणतात. दिसायला देखणं, पण रोज फुलं टाकतं. वहिनींच्या भाषेत, कचरा करणारं.

त्यांचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा. चाळीस वर्षं त्याने छताचा गिलावा केला. मान मागे, हात वर, तोंडावर सिमेंटचे शिंतोडे. दादाने केलेल्या छताला दिवा तिरका धरून बघितलं तरी उंचवटा सापडायचा नाही. काम सोडलं आणि तीन वर्षांत त्याची मान पुढे वाकत गेली. हनुवटी छातीला टेकली. डॉक्टर म्हणाले, मणके आखडलेत, आता सरळ होणार नाहीत. पण पाय चालते ठेवा. रोज गॅलरीत वीस फेऱ्या मारा. बसून राहिलात तर गुडघेही जातील, मग उठवायला दोन माणसं लागतील.

गॅलरी चार घरांची मिळून एक. अरुंद, खाली कोबा. दादा दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीत खुर्चीवर बसला तो बसलाच.

"चल की बाहेर," मी म्हणालो.

"जन्मभर मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही मी. आता रोज चार बिऱ्हाडांसमोर घालून फिरू?"

"अरे, सगळ्यांना माहीत आहे, आजार आहे म्हणून."

"माहीत असणं वेगळं, दिसणं वेगळं. पलीकडे पाहुणा आला होता ना, तो विचारत होता, ह्यांच्या घरात काही घडलंय का."

"सांगायचं होतं, बायको रागावली म्हणून," वहिनी आतून म्हणाल्या.

"ते त्याने न सांगता ओळखलं असेल."

आम्ही हसलो. दादा उठला मात्र नाही. दोन महिने असे गेले. आधी तो खुर्चीतून एका जोरात उठायचा. मग दोन लागायला लागले, मग तीन. वहिनी भाजी चिरताना ते जोर मोजायच्या. मला म्हणाल्या, "भावजी, चार झाले की मी ह्यांना एकटी उठवू शकणार नाही."

त्यांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. टोपली आणली. मी गॅलरीच्या छताला ब्रॅकेट लावून दिला. ओली टोपली नऊ किलो भरते, म्हणून मी त्यावर वीस लिटरचा पाण्याचा डबा एक दिवस टांगून ठेवला, मग टोपली चढवली. वहिनींनी तीत निवडून झाडं लावली होती. कडेने लोबेलिया, मधे वर्बिना, खालून बघितलं तरी निळं-लाल भरगच्च. एवढी चांगली टोपली मी त्यांच्या हातची बघितली नव्हती.

दादा बायकोचं मन राखायला बाहेर आला. टोपलीखाली उभा राहिला.

"छान आहे," म्हणाला. "सावली छान आहे तिची."

आणि आत गेला.

वहिनी तिथेच कठड्याला धरून उभ्या. सव्वीस वर्षं लोकांना खालून बघायला लावलं, आणि ज्याला वर बघताच येत नाही त्याच्यासाठी खालून बघायची टोपली केली. मी म्हणालो, साखळी लांब करून देतो, टोपली खाली येईल. मोजून बघितलं. दादाची नजर दोन पावलांवर जमिनीला लागते. टोपली तिथवर उतरवली तर तो गुडघ्याने तिलाच धडकणार. कुंडी ठेवली तर अडखळणार. वाटेत काही ठेवू नका, हे डॉक्टरांनी बजावलेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नर्सरीत हनुवटी छातीला लावली आणि तशाच रांगांमधून चालायला लागल्या. झाडांना पाणी तसंच, माती उचलणं तसंच. मालकाने विचारलं, "बाई, मान धरली का?"

"नाही. धरून बघतेय."

संध्याकाळपर्यंत मान भरून आली. तिसऱ्या दिवशी डुलांच्या मांडवाखालून जाताना त्या थांबल्या. ओल्या जमिनीवर फुलं पडली होती. लाल, आत जांभळी, अख्खीच्या अख्खी. रोज सकाळी आल्या आल्या हीच फुलं त्या झाडून टाकायच्या. त्यांनी झाडू बाजूला ठेवला.

आता खरी निवड सुरू झाली. डुलाच्या पाच जाती होत्या. दादाच्या गॅलरीतल्या कोब्याचा एक तुकडा मी कोपऱ्यातून काढून दिला, तो त्या नर्सरीत घेऊन गेल्या. प्रत्येक जातीचं गळालेलं फूल त्यावर ठेवायचं आणि दर तासाने बघायचं. पांढरी दुपारपर्यंत तपकिरी पडली. गडद जांभळी कोब्याच्या रंगात दिसेनाशी झाली. एक जात छान होती, पण तिच्या फुलांचे कोब्यावर डाग पडले. एकीची फुलं पडल्या पडल्या मिटली. आठ दिवस हे चाललं. शेवटी एक राहिली. टपोरी, वरून लाल, आत पांढरी. संध्याकाळपर्यंत रंग टिकायचा, आणि फुलं जड असल्यामुळे वाऱ्याने कठड्याबाहेर जायची नाहीत.

"ह्याच्या तीन टोपल्या द्या," वहिनी मालकाला म्हणाल्या.

"हे? तुम्हीच म्हणता ना, कचरा करतं?"

"कचराच हवाय मला."

पहिली टोपली उतरवून मी वहिनींच्या दारावर टांगून दिली. गॅलरीत तीन ब्रॅकेट नव्याने, सारख्या अंतरावर. शेजाऱ्यांना वहिनींनी आधीच विचारलं होतं. झाडांनी जागा बदलल्यावर रुसून कळ्या टाकल्या. दहा दिवस एक फूल नाही. वहिनी सकाळ-संध्याकाळ माती बोटाने चाचपून पाणी घालायच्या, फुलामागे धरलेलं प्रत्येक फळ खुडायच्या. फळ धरू दिलं की झाड फुलायचं थांबतं.

अकराव्या दिवशी मी सकाळी नट आवळायला गेलो. वहिनी गॅलरीत सुपली घेऊन उभ्या होत्या. सुपलीत नऊ डूल.

"झाडले मी," त्या म्हणाल्या. "उठले, झाडू घेतला आणि झाडले. हातांनी सवयीने झाडले हो, भावजी. मी बघतसुद्धा नव्हते."

"मग टाका परत खाली. त्याला काय कळतंय?"

"ठेवलेली कळतात. छताला लावलेलं ठिगळ कळायचं त्यांना. हे नाही कळणार?"

सुपली रिकामी केली. झाडू त्यांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "न्या घरी." मी झाडू खांद्यावर टाकून भर रस्त्याने घरी आलो. बायकोने विचारलं, वहिनींनी हाकललं का.

पुढच्या सकाळी मी मुद्दाम गेलो. वहिनी ओट्यापाशी कणीक मळत होत्या. बाहेरचं दार उघडं. एक डूल उंबऱ्यापाशी पडलेलं, खुर्चीवरून दादाला दिसेल असं.

"अगं, दारात काय सांडलंय?"

"हात कणकेत आहेत."

"लाल आहे काहीतरी."

"असेल."

दादाने कुरकुरत जोर लावला. एक, दोन, तीन. वहिनींचे हात परातीत थांबले. तिसऱ्याला तो उठला. उंबऱ्यापाशी गेला, फूल बघितलं. पुढे दुसरं दिसलं. मग तिसरं. फुलावर पाय पडू नये म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाऊल टाकत तो गॅलरीच्या टोकापर्यंत गेला.

शेवटच्या दारातल्या बाई दूध घेऊन येत होत्या. "दादा! किती दिवसांनी! काय बघताय?"

"फुलं पडलीत. पाय जपून टाका."

बाईंनी खाली बघितलं. "अय्या!" म्हणाल्या आणि मान खाली घालून, पाऊल जपत, दारापर्यंत गेल्या. मागून त्यांचे मिस्टर आले. तेही तसेच. आठ दिवसांत सगळा मजला मान खाली घालून चालायला लागला. दादा तर त्यांच्यावर ओरडायलाही लागला. "ओ, ते फूल ताजं आहे! वाळलेल्यावर द्या पाय!"

वीस फेऱ्या काही तो मारत नाही. बारा-तेरा होतात. खुर्चीतून उठायला आता दोन जोर लागतात. एक कधी लागेल असं मला वाटत नाही. वहिनी म्हणतात, दोन चालतील.

गेल्या आठवड्यात दादाने तक्रार केली. "त्या कोपऱ्यातलं झाड आळशी आहे. काल चारच टाकली."

"ऊन लागतंय त्याला," वहिनी म्हणाल्या. "हातभर मागे घ्यावं लागेल."

मी ब्रॅकेट काढून मागे लावला. जुन्या जागी चार भोकं राहिली. दादाने घमेलं मागवलं. गॅलरीच्या मधोमध स्टुलावर बसून त्याने स्वतःच्या हाताने सिमेंट-वाळूचा माल कालवला. ते काम खाली बघूनच करायचं असतं. जिन्यावरून कोणी आलं की म्हणायचा, "थांबा जरा, वर काम चाललंय."

मी भोकं भरली, थापी फिरवली. दादाला वरचं दिसत नाही.

"सपाट बसलं का गं?" त्याने विचारलं.

वहिनींनी खाली उभं राहून नीट बघितलं. "डाव्या अंगाला फुगलंय."

"खरवड," दादा मला म्हणाला.

मी खरवडलं.