जावेच्या हातची भाकर

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. आपला तुकडा आपण उचलायचा नाही, शेजारच्याने मोडून द्यायचा. आणि ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने न घेता ताट पुढे सरकवायचं. सगळे बघतात, बोलत कोणी नाही. दीड वर्ष मी ते ताट पुढे सरकवलं.

वाकडं होतं ते धाकट्या जावेशी. सासूबाई माझ्या घरी आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, न्हाऊमाखू घातलं. जाऊ भिंतीपलीकडे राहते, पण दारातूनच विचारपूस करून जायची. माझं तोंड मुळातच तिखट. देऊळघाटच्या बाजारात असो की चर्चच्या आवारात, जो भेटेल त्याला मी ऐकवायची की मी एकटीच मरमर मरते, ती महाराणी उंबरठा ओलांडत नाही. सासूबाईंची माती झाली त्या दिवशीही भरल्या घरात मी तिला तेच सुनावलं.

तिने मान वर केली. “बाई, तुमी सेवा नाई केली. आमाले ऐकवाले केली.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं असतं तर दोन दिवसांत विसरले असते. खरं होतं म्हणून दीड वर्ष धरून बसले.

या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. आमचे हे खामगावच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला, आठवड्याने घरी येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली. पाणी तापवलं, मला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याचं करणं मला येत होतं, करून घेणं फार जड गेलं. तीन आठवडे ती रोज आली आणि बाहेर कोणाजवळ एका शब्दाने बोलली नाही. एकदा ती वेणी घालत होती. माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून जमलं, मी म्हणाले की तू त्या दिवशी खरं बोलली होतीस. तिचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

मग पहिला रविवार आला. ती माझ्या शेजारी बसली. ताट आलं. माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिने तुकडा मोडून माझ्या तोंडातच घातला. आणि स्वतः न घेता ताट पुढे द्यायला निघाली.

घास तोंडात तसाच धरून मी हळूच विचारलं, “काऊन?”

“मले किळस यायची बाई. सासूले एक दिवसबी हात नाई लावला म्या. आता कोण्या तोंडानं खाऊ?”

इतके दिवस मी तिला मगरूर समजत होते. मी डाव्या हाताने ताट ओढून मांडीवर घेतलं. पुढे उभे असलेले पाद्री, आमचे पाळक, बोलायचे थांबले, सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बघू दे म्हटलं. डाव्या हाताने भाकर धड मोडेना, शेवटी वाकडातिकडा, घासाएवढा मोठा तुकडा निघाला. तो तिच्या ओठांशी धरला.

“तू घेतल्याबिगर मी गिळत नाई,” मी म्हणाले.

ती रडत होती. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं. मग मी माझा घास गिळला.