भाऊजींसाठी आखलेली सहल आणि अदाशाचे रोडगे

भाऊजी निवृत्त झाले आणि पुण्याच्या पार टोकाला नवा फ्लॅट बघायला लागले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझी थोरली बहीण मीनाताई लग्न होऊन पुण्याला गेली ती गेलीच. आता तरी दोघांनी नागपूरला राहायला यावं, असं मी फोनवर सुचवलं. भाऊजी हसले. "अगं, संत्री आणि ऊन सोडलं तर तुमच्या नागपुरात आहे काय?"

मी म्हटलं, "फ्लॅट पक्का करायच्या आधी दोन दिवस या. गाडी मी चालवते. तरीही नाही पटलं, तर वास्तुशांतीला स्वतः येऊन पुरणपोळ्या लाटीन." जानेवारीच्या शेवटी दोघं आले. तुम्हीही यायचं ठरवत असाल तर दिवाळी ते होळी हाच काळ धरा. मे महिन्यात आलात आणि मग मला बोल लावलात, तर ऐकून घेणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतल्यावर भाऊजींना घाम फुटला, पण प्लेट त्यांनी चाटूनपुसून संपवली. मग जबलपूर रोडनं रामटेक आणि तिथून जवळच नगरधनचा किल्ला. रस्ता झकास आहे, तासा-दीड तासात पोचता. रामटेकला सगळेच जातात, नगरधनला फार थोडे. भुईकोट किल्ला, आत हिरवळ, आणि एका विहिरीसारख्या जागेत पायऱ्या उतरून गेलं की देवीचं ठाणं. खाली एकदम गार वाटतं. मी विजयी मुद्रेनं भाऊजींकडे पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आमच्याकडे सिंहगड आहे."

दिवसभर ताई मागच्या सीटवर बसून होती. काहीही विचारलं की "यांना विचार" एवढंच. मीही सगळं भाऊजींनाच विचारत होते, कारण पटवायचं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवसासाठी मी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. काटोल रोडनं निघालो. शहर संपल्यावर थोड्याच अंतरावर जुनापाणी लागतं. इथल्या माळावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. आम्ही गेलो तेव्हा ना तिकीट होतं ना गर्दी. सावलीही नाही, पाण्याची बाटली आणि टोपी घरूनच न्या. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. भाऊजी पेशानं इंजिनियर. ते उकिडवे बसून एकेका खळग्यात बोट फिरवत होते.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"आधी तुम्ही आलात कुठे?" मी म्हटलं. डाव माझ्या बाजूनं झुकतोय हे दिसत होतं.

फेटरीवरून कळमेश्वर, तिथून अदासा. कळमेश्वरच्या पुढे रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग दिसले की थांबा, शहरापेक्षा स्वस्त आणि ताजी मिळतात. अदाशाला टेकडीवर गणपतीचं जुनं मंदिर आहे, मूर्ती भलीमोठी. लोक दर्शन घेतात, फोटो काढतात आणि निघतात. खरी मजा खाली झाडांच्या सावलीत असते. आमच्याकडे देवाला जायचं म्हणजे कणीक, वांगी, डाळ आणि गोवऱ्या घेऊन जायचं, तिथंच रोडगे भाजायचे आणि पंगत बसवायची. रोडगे म्हणजे जाडसर कणकेच्या लहान पुऱ्या तेलाचा हात लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांवर भाजायचा. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि हात न आखडता तूप.

डाळ-भाजी मी घरून करून आणली होती. गोळेही वळून आणले होते. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि भाऊजींना भूक लागली म्हणून घाईनं गोळे आत टाकायला सुरुवात केली.

"अवं थांब! काय करून राहिली तू?"

हा आवाज ताईचा होता. पदर खोचून ती गाडीकडून तरातरा आली. "जाळात टाकते का कोणी रोडगे? वरून कोळसा अन् आतून कच्चे. इंगळ होऊ दे आधी. काढ ते!"

मी निमूटपणे चिमट्यानं गोळे काढले. ताईनं गोवऱ्या पसरल्या, जाळ बसू दिला, निखाऱ्यांवर राख ओढली आणि मग एकेक गोळा मांडला. शेजारी एका मोठ्या कुटुंबाची चूल होती. त्यांच्यातले काका मान वळवून बघत होते, त्यांनाही तिनं सोडलं नाही. "काका, तुमचे पलटवा गा, एका अंगानं जळून राहिले!"

काका हसत उठले. रोडगे पलटवत म्हणाले, "बरोबर बोलल्या. कुठल्या गा ताई तुम्ही?"

"कुठल्या म्हणजे?" ताई राख झटकत म्हणाली. "इथल्याच."

भाऊजी बाजूला उभे होते. ते तिच्याकडे बघतच राहिले. पहिले रोडगे भाजून निघताच तिनं त्यांच्या हातात फडकं कोंबलं. "बघून काय राहिले? राख पुसा एकेकाची. अन् हलक्या हातानं." पुण्याच्या घरात हे वाक्य कधी उच्चारलं गेलं नसणार, पैज लावते. भाऊजी मुकाट्यानं राख पुसायला बसले.

दोन्ही चुलींची पंगत एकच झाली. काकांकडच्या बायकांनी आग्रह करकरून आमच्या वरणात तूप ओतलं. रोडगा कुस्करून वरणात कालवायचा, हे भाऊजींना ताईनंच शिकवलं.

येताना सावनेर रोड धरला. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली तेव्हा भाऊजी मागे वळून म्हणाले, "मीना, तुला काय वाटतं? कुठं राहायचं?"

मी गाडी चालवत होते, पण कान मागेच. दोन दिवस मी भाऊजींना पटवत फिरले आणि ताईला एकदाही विचारलं नव्हतं.

"बरं झालं विचारलंत," ताई म्हणाली. "मे महिन्यात मी या भट्टीत राहणार नाही, आधीच सांगते. पोरं पुण्यात आहेत, पुणं सोडणार नाही. पण तो लांबचा फ्लॅट मले नको. दिवाळी ते होळी मी इथं राहीन, माझ्या गावात."

"आणि मी?"

"तुम्ही पुसा राख."

भाऊजी इतके हसले की मलाही हसू आवरेना, गाडी जपून चालवावी लागली. फ्लॅटवाल्याला त्यांनी माझ्या घरूनच फोन करून नाही सांगितलं. मी जिंकले असं म्हणायला हरकत नाही, फक्त किल्ला आणि माझा आखलेला बेत त्यात फारसे कामाला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. तुझ्या घराजवळ दोन खोल्या भाड्यानं बघून ठेव, असं भाऊजींनी तीनदा बजावलं. ताई डब्याच्या दारात उभी होती. गाडी हलली तेव्हा ती ओरडली, "उरलेल्या गोवऱ्या फेकू नको वं! दिवाळीनंतर लागतील."

त्या आता माझ्या गॅलरीत आहेत. कामवाली रोज विचारते, काहून ठेवला हा कचरा म्हणून. पावसाळ्यात त्या भिजू नयेत म्हणून मी नवी ताडपत्री आणली आहे.