शोभाताईंचं लाकडी घड्याळ

गेल्या रविवारी सकाळी अकराला, गावातल्या हस्तकला प्रदर्शनात, शोभाताईंवर अन्याय झाला. सागवानाची दातेरी चाकं वर्षभर हाताने कापून घड्याळ केलं त्यांनी, आणि समोरच्या पाटीवर नाव नवऱ्याचं! मी जाब विचारला, तर "बायका कुठे चाकं कापतात, ताई?" म्हणत आयोजक मलाच हसले. मी भांडत होते, तेवढ्यात घड्याळच बंद पडलं.

"भाऊ, जरा चालू करा," आयोजक शोभाताईंच्या नवऱ्याला म्हणाले.

"मला काय येतंय? मी नुसता भुसा झाडतो. हिला सांगा."

शोभाताईंनी लंबक हलवला, कान लावला. एक ठोका लांब, एक आखूड. "टेबल कलतंय तुमचं," म्हणाल्या, आणि टेबलाच्या पायाखाली लाकडाची ढलपी सरकवली. टिक, टक, टिक, टक. अख्खा हॉल ऐकत राहिला. किती घरांत कुणी बाई अशी ढलपी सरकवते, म्हणून सगळं सुरळीत चालतं, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं! आयोजकांनी तिथेच पाटी बदलली. टाळ्यांनी हॉल दणाणला.

आता तुमच्या दारावरची पाटी बघा. घरातल्या बाईचं नाव त्यावर नसेल, तर आजच लिहा.