दुसरा चतकोर

या, सरका जवळ. असं लांब, पान उलटायच्या बेतात बसू नका. आणि या सदरात भुताखेताचं असतं म्हणून आधीच तोंडाला पदर लावून हसताय, ते आधी थांबवा. मीही हसायची. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी तिला म्हणायची, "बाई, घुमून झालं असंल तर चल, धुणं राहिलंय." असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. पण जे भर दुपारच्या उन्हात, माझ्या मांडीपासून दोन हातांवर झालं, त्याला काय म्हणू? आणि ते आठवलं की मला भीती वाटत नाही — राग येतो. अजून येतो.

गाव चकलांबा, तालुका गेवराई. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. घरात माणसं तीन — मी, माझे मालक आणि सासूबाई. घर गावाच्या उगवतीला, अगदी शेवटचं. मातीचं, धाब्याचं. पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, भोवती काट्याचं कुंपण. दोन गायी, सात-आठ शेळ्या आणि थोडं रान. बस.

त्या साली सुगीच्या आधी गावाबाहेरच्या आमराईत एका साहेबाचा तंबू पडला. सरकारी मोजणीचं काम, हाताखाली दहा माणसं. त्याचं नाव सांगत नाही. त्याची नातवंडं कुठं तरी असतील, त्यांचा काय दोष? गोरा नव्हता बरं का. आपल्यातलाच, आपल्यासारखं मराठी बोलणारा. पायात बूट, पोटरीला गुंडाळलेल्या पट्ट्या, हातात हंटर आणि डोक्यात शिकारीचा नाद. त्याचा घोडा सांभाळायला एक म्हातारा मोतद्दार होता, रहीमचाचा. तो आमच्याकडं कडबा न्यायला यायचा.

एक दिवस सकाळी चाचा आला तो खांद्यावर पोतं घेऊन. पोतं ओट्यावर ठेवलं, तर ते आपलं आपण थरथरायला लागलं.

"बेटी, इसकू रख ले," चाचा हळू आवाजात म्हणाला. "साब कू बोल्या मैं, भाग गई करके."

पोत्याचं तोंड सोडलं. आत कुत्री. एवढीशी! पांढरी, एका डोळ्यावर तपकिरी डाग, अंगावर तारेसारखे राठ केस, पाय आखूड. पाठीवर वळ उठलेले.

"टेरियर है. विलायती," चाचा म्हणाला.

सासूबाई दारातनं बघत होत्या. "टेऱ्या असू न्हाईतर फेऱ्या असू, कुत्रं हाय का घूस हे? घरात नको मला."

तेवढ्यात ती कुत्री पोत्यातनं सुटली ती थेट सासूबाईंच्या पायांमधनं आत, आणि रांजणाच्या मागं. तीन दिवस बाहेर आली नाही.

भ्यालेलं जनावर घरात रुळवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेळी नवी आणली की दोन दिवस आरडते आणि चरायला लागते. हिचं तसं नव्हतं. काठी दिसली की ही भिंतीला चिकटायची आणि तिथंच मुतायची. मग मी घरातल्या काठ्या गोठ्याच्या मागं नेऊन ठेवल्या. खराटासुद्धा लपवून वापरला. डोळ्याला डोळा दिला की कापायची, म्हणून मी तिच्याकडं पाठ करून दळायला बसायची आणि जात्याशी बोलल्यासारखं तिच्याशी बोलायची — आज शेळीनं कसं दावं तोडलं, शेजारणीनं कशी कुरापत काढली, सगळं. मालकांच्या वहाणा कर्रकर्र वाजायच्या. तो आवाज आला की हिचे दात वाजायला लागायचे. मी मालकांना सांगितलं, वहाणा कुंपणाबाहेर काढायच्या.

"माझ्याच घरात मी अनवाणी?" मालक म्हणाले.

"लेकाला माज्या कुत्रीपायी अनवाणी केलं बघा हिनं," सासूबाईंनी शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच ओरडायच्या, "ए, वहाना! वहाना भाईर काढ आधी!"

आठ-दहा दिवसांनी दळताना पाठीला काही तरी ऊन लागलं. ती येऊन टेकून बसली होती. मी हलले नाही. पीठ जात्याबाहेर सांडलं तरी हात थांबवला नाही. तिचं नाव मी बुटकी ठेवलं.

आता नवलाचं ऐका. आमच्याकडं रोज कुत्र्याला चतकोर काढून ठेवतात, म्हणजे भाकरीचा चौथा हिस्सा. बुटकीला चतकोर टाकला की ती त्याचे दोन तुकडे करायची. एक खायची. दुसरा नाकानं ढकलत डाव्या अंगाला सारायची आणि त्याच्याकडं बघत बसायची. बरगड्या मोजता येत होत्या तिच्या, भूक होती, तरी त्या तुकड्याला तोंड लावायची नाही. मी मोठा चतकोर टाकून बघितला. त्याचेही दोन.

शेजारणीनं लगेच निकाल दिला, "बाहेरचं हाय काही तरी तिच्यात. सोडून द्या ओढ्यापल्याड." मी तिला असं बोलले की ती आठ दिवस आमच्या अंगणात आली नाही.

चाचा कडबा न्यायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, ही अर्धा चतकोर कावून ठेवते? म्हातारा खालीच बसला.

"दो थे, बेटी. ये और इसका भाई. एकच थाली में खाते थे."

"मग तो कुठं हाय?"

तो सांगायला तयार नव्हता. मी कडबा दिला नाही. मग सांगितलं. ही जात बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढते म्हणे. साहेबानं तेवढ्यासाठीच आणलेली. भाऊ एकदा बिळातनं माघारी फिरला, तर साहेबानं बुटाची लाथ तोंडावर घातली. वरचा एक सुळा मुळापासून तुटला. दुसऱ्या वेळी तो बिळात शिरलाच नाही. त्या दिवशी साहेबानं त्याला झाडाला बांधायला लावलं आणि हंटरनं मारलं — मरेपर्यंत. ही समोर बांधलेली होती.

"कुणी बांधलं झाडाला?" मी विचारलं.

चाचा रडायला लागला. "मैंच बांध्या, बेटी. नोकरी थी."

मला त्याचाही राग आला. खरं सांगते, त्या म्हाताऱ्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही त्या दिवशी. एका मुक्या जिवाला, तो भ्याला म्हणून मारायचं? भ्याला म्हणून! आणि वर दुसऱ्याला ते बघायला लावायचं?

सासूबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चतकोराच्या जागी दोन काढले. एक बुटकीपुढं ठेवला, दुसरा तिच्या डाव्या अंगाला.

"आत्याबाई, हे काय?"

"तुला काय करायचंय? भाकरी माजी हाय."

बुटकीनं पहिल्यांदा अख्खा चतकोर खाल्ला.

आणि दुसरा? तो दुपारपर्यंत गायब. मी म्हटलं, कावळा. दुसऱ्या दिवशी त्यावर टोपलं पालथं घातलं आणि टोपल्यावर पाटा ठेवला. पाटा, वरवंटा नव्हे. मला दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. बुटकी माझ्याजवळ होती, मी ज्वारी पाखडत समोरच बसले होते, हलले नाही. दुपारी पाटा काढला, टोपलं उचललं. खाली सारवलेली जमीन. एक कण नाही, मुंगी नाही. मी तीन दिवस असं केलं. तिन्ही दिवस तेच. कुणाला सांगितलं नाही... सांगून काय, ओढ्यापल्याड सोडा म्हणणारे कमी होते का?

पण गावाला तोंडं असतात. कुत्री आमच्याकडं आहे, हे साहेबाला कळलं.

तो आला ते भर बाराला. घोड्यावरनं उतरला. लगाम धरून चाचा लिंबाखाली उभा राहिला, मान खाली. मी अंगणात बसलेली, बुटकी मांडीवर. बुटांचा आवाज आला आणि ती लाकडासारखी ताठ झाली. माझं लुगडं ओलं झालेलं मला कळलं.

मालकांनी हात जोडले. "घेऊन जावा, साहेब. आमी कुठं न्हाई म्हनतो?"

"मी म्हनते," मी म्हणाले.

साहेब हसला. "ही विलायती चीज आहे, बाई. तुमच्या उकिरड्यावरची नव्हे."

"चीज असती तर मारायला लागली नसती. जीव हाय म्हनून मारलं तुमी."

"तुमचं रान अजून मोजायचं आहे." हे तो मालकांकडं बघून म्हणाला. "कागदावर कमी भरलं तर मला म्हणू नका."

मालक माझ्यावर डाफरले, "अगं दे ना! एका कुत्र्यापायी घर बुडवतेस?"

तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. माझ्या पुढं बसल्या, मांडी घालून. "साहेब," त्या म्हणाल्या, "रान काय घालायचं ते घाला कागदावर. कुत्री आमची हाय. दोन येळची भाकरी खाल्लीय तिनं हितली."

त्यानं सासूबाईंना ओलांडून हात घातला. बुटकीच्या मानेला त्याची बोटं लागली, हे मी बघितलं. आणि तो किंचाळला.

हात मागं. खाली बघतोय. डाव्या पोटरीची पट्टी फाटलेली, रक्त आलेलं. त्यानं लाथ मारली — कुणाला? तिथं कुणी नव्हतं! मोकळी जमीन. परत किंचाळला. "हट! हट!" करत, हंटर हवेत मारत, मागं मागं सरकत गेला, कुंपणात अडकला, त्याचा कोट टर्रकन फाटला. बुटकी माझ्या मांडीवर होती. माझ्या दोन्ही हातांत. ती जमिनीकडं बघत होती, त्याच्या पायाच्या बाजूला, आणि तिचं शेपूट माझ्या मनगटावर पटपट आपटत होतं. त्या दिवसापर्यंत तिनं शेपूट हलवलेलं मी बघितलं नव्हतं.

"चावली ती मला!" साहेब ओरडला.

"साब," चाचा म्हणाला, "कुत्री तो बाई के गोद में है."

चाचानं लिंबाखाली त्याची पट्टी सोडली, जखम धुतली. तिसऱ्या दिवशी आमराईतला तंबू उठला. जायच्या आधी चाचा आला, ओट्याच्या खालीच उभा राहिला.

"दात के निशान देख्या मैं," तो म्हणाला. "नीचे दो. ऊपर एकच."

त्यानंतर दुसरा चतकोर कधी गेला नाही. बुटकी दोन दिवस त्याच्याकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिनंच तो खाल्ला. पुढं नऊ वर्षं जगली, आणि घराला धनी असल्यासारखी जगली. रान दुसऱ्या कुणी तरी मोजलं, नीट भरलं. मालकांनी त्या दिवसाचं नाव परत कधी काढलं नाही. मी काढत राहिले.

याचं कारण काय, मला ठाऊक नाही. शिकलेल्यांना विचारलं. एक म्हणाला, काटा लागला असेल. तीन काटे, दोन खाली, एक वर, असे मोजून? दुसरा म्हणाला, बाई, तुम्ही घाबरला होता. मी घाबरले नव्हते, मी संतापले होते, त्यात फरक असतो. पण मला खरा राग याचा येतो की इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकून सगळ्यांनी एकच विचारलं — मग ते भूत होतं का? त्या कुत्र्यानं काय केलं होतं, त्याला बांधून मारताना तंबूतली दहा माणसं काय करत होती, हे एकानंही विचारलं नाही.

असो. लिहून हात दुखला. ज्याला खोटं वाटतं त्यानं पत्र पाठवू नये. सरळ घरी यावं, माझ्यासमोर बसावं आणि भांडावं. आणि लवकर या बरं का. माझं वय झालंय, आणि हे भांडण मला तोंडानंच करायचंय.