लाल गाडीतली दुसरी जागा

तियाम हॉकने एकतीस वर्षांत किती स्पोर्ट्स गाड्या बनवल्या, त्याला गणती नाही. त्यातली एकही कधी रस्त्यावर धावली नाही. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि खळ यांतून चार दिवसांत गाडी उभी राहायची आणि पाचव्या दिवशी कोणाच्या तरी वडिलांच्या नावाने जळून वर जायची. मलेशियातल्या ताइपिंगच्या जुन्या बाजारामागे त्याचं दुकान. गेलेल्या माणसाला तिकडे जे जे लागतं ते तिथे मिळायचं: घर, नोकर, पंखा, दातांची कवळीसुद्धा. पण गिऱ्हाइकांचा जीव गाडीतच अडकायचा. जन्मभर सायकलवर टोफू विकलेल्या म्हाताऱ्यालाही मुलं दोन दारांची लाल जपानी गाडीच पाठवायची. प्रत्येक गाडीत हॉक न विसरता कागदाचा ड्रायव्हर बसवायचा. तिकडे गेल्यावर म्हाताऱ्याने गाडी शिकायची कधी?

स्वतः तो वडिलांची चार दारांची गाडी चालवत होता. बावीस वर्षांची ती गाडी चिनी नववर्षाच्या चौथ्या दिवशी थांबली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि डॉक्टर चादर वर ओढतो तसं हळूच मिटलं.

आता नवी गाडी घ्यायची होती आणि पैसे एकाच गाडीचे होते. कामुंतिंगच्या रस्त्यावर जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांच्या आवारात एक लाल स्पोर्ट्स कार उभी होती, अकरा वर्षं वापरलेली. हॉक दहा वर्षांचा असताना टायरच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्याने तसलीच गाडी पाहिली होती. आज तो अठ्ठावन्नचा होता आणि गुडघे बोलायला लागले होते. आणखी दोन वर्षांनी त्या गाडीत बसवायला दोन माणसं लागली असती. घ्यायची तर आत्ताच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याची बायको सिउ गेक हिला आपल्याच देशात बनलेली, नवी कोरी, पांढरी, चार दारांची गाडी हवी होती. तिचं छापील पत्रक तिने देवघराशेजारी लावून ठेवलं होतं.

"लाल गाडीत आई कुठे बसणार?" तिने विचारलं.

"पुढे, माझ्या शेजारी."

"आणि मी?"

हॉकने कॉफीचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला.

"बरं बरं," ती म्हणाली, "मी टपावर बसेन. वाऱ्यावर जाईन हो."

एके दिवशी तिघंही लाल गाडी बघायला गेली. हॉकची आई त्र्याऐंशी वर्षांची. ती गाडीत बसली झकास, पण उतरायची वेळ आली तेव्हा एक हात विक्रेत्या अझलानने धरला, दुसरा हॉकने.

"ओढता काय रे? मी मुळा आहे का?" आई आतून ओरडली. "गाडी छान आहे. उतरायचं नसेल त्याने जरूर घ्यावी."

"मावशी, मागे उशी दिली की सोपं जातं," अझलान अदबीने म्हणाला.

"तुझी आई बसली का कधी यात?"

अझलानची आई कधी बसली नव्हती.

निकाल लागेना, तेव्हा पंधराव्या तिथीला तिघं तुआ पेक काँगच्या देवळात गेली. गुडघे टेकून हॉकने कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या, नाव-पत्ता सांगितला आणि विचारलं, "देवा, लाल घेऊ की पांढरी?" कोरी जमिनीवर पडल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकल्या, देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला.

देवळाची व्यवस्था बघणारे लिआन काका उदबत्त्या काढता काढता थांबले. "काय विचारलंस?"

"लाल की पांढरी."

"अरे, देव काय दुकानदार आहे? त्याला हो किंवा नाही एवढंच विचारायचं. एवढ्या वर्षांत हेही कळलं नाही?"

हॉकने नीट विचारलं. लाल घेऊ? दोन्ही कोरी पालथ्या, म्हणजे नाही. मग पांढरी? तीही नाही. सिउ गेकचा चेहरा पडला.

"मग आधी दुसरं काही द्यायचं राहिलंय," काका म्हणाले. "वडिलांचं विचार."

वडिलांचं काही राहिलंय का? एक कोर उताणी, एक पालथी. हो. पुन्हा टाकल्या, हो. तिसऱ्यांदाही हो.

हॉक गुडघ्यांवरच ताठ झाला. "काय राहिलंय? बाबांना मी घर दिलं, नोकर दिले. माझ्या हातची सगळ्यांत सुंदर लाल गाडी दिली!"

"तिचंच राहिलंय," बाजूच्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावरून आई म्हणाली. "दोन वर्षं सांगतेय. तुम्हाला वाटतं म्हातारी बडबडते. स्वप्नात येतात ते, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून. एका जागेवर ड्रायव्हर, दुसरीवर ते. मला म्हणतात, तू आलीस की कुठे बसवू तुला?"

लिआन काकांनी उगाच एक विझलेली उदबत्ती पुन्हा काढली.

"जन्मभर चार दारांची गाडी चालवली त्यांनी," आई म्हणाली. "लाल त्यांनी कधी मागितली?"

मागितली नव्हती. ती कोणाला हवी होती, हे आईने सांगितलं नाही आणि हॉकनेही विचारलं नाही.

चेंग बेंगला, पितरांच्या थडग्यांवर जायच्या दिवसाला, तीन आठवडे होते. हॉकने पांढऱ्या कागदाची चार दारांची गाडी करायला घेतली. आई रोज दुकानात येऊन बसायची.

"दार अजून रुंद कर. सीट उंच घे."

"आई, तिकडे गुडघे दुखत नसतील."

"तू जाऊन आलायस?"

सीट उंच झाली. ड्रायव्हर पुढे बसला आणि मागे दोघांना ऐसपैस जागा राहिली. चेंग बेंगच्या सकाळी टेकडीवर गाडी पेटवली. ती सरळ, भराभर जळाली. आई म्हणाली, "मिळाली." मग तिने आणलेलं संत्रं सोलून खाल्लं.

परत येताना हॉक दोघींना घेऊन देवळात थांबला. लाल घेऊ का, त्याने विचारलं. हो. परत टाकल्या, हो. तिसऱ्यांदाही हो. आता आड यायला काहीच उरलं नव्हतं.

तो मागे वळला. आई त्याच बुटक्या स्टुलावरून उठत होती. एक हात खांबाला, एक हात सिउ गेकच्या खांद्यावर, तरी पहिल्या खेपेला उठवलं नाही. दुसऱ्या खेपेला उठली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने ब्लाउजवरची राख झटकू लागली.

दुपारी हॉकने पांढऱ्या गाडीचं बुकिंग केलं. संध्याकाळी देवापुढे चार संत्री ठेवून त्याने सांगितलं, "परवानगी दिलीस, उपकार झाले. पण आईला उतरता येत नाही."

पांढरी गाडी आली. ती बरी चालते. आई मागे बसते आणि हॉकला हळू चालव म्हणून सांगते. तो हळूच चालवत असतो.

दुकानाच्या छताला मात्र एक लाल, दोन दारांची कागदी गाडी टांगलेली आहे. तिचं काम वर्षभर चाललं होतं. आरसेसुद्धा चांदीच्या कागदाचे. गिऱ्हाईक हटकून तिच्यावरच बोट ठेवतं.

"ती विकलेली आहे," हॉक सांगतो.

"मग नेत का नाहीत?"

"मालक अजून जायचा आहे."

त्या गाडीत ड्रायव्हर नाही. हॉकला चालवता येते. दुसरी जागा त्याने रिकामीच ठेवली होती. एकदा दुकान झाडताना सिउ गेकने मान वर करून ती गाडी बराच वेळ पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागेवर कागदाची एक छोटी उशी ठेवलेली होती, उतरायला सोपं जावं म्हणून.